अडलेला आस

पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती फिरते, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. एकतीस वर्षे मी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकविले. मोसंब्यात विणकामाची सुई खुपसायची, ती जराशी कलती धरायची आणि वर्गाच्या खिडकीला सूर्य मानून मोसंबे फिरवायचे, हा माझा प्रयोग शाळेत चांगलाच गाजलेला होता. प्रयोग संपल्यावर ते मोसंबे कोणी खायचे यावरून वर्गात मारामारी होत असे, हे त्या प्रसिद्धीचे खरे कारण असावे. ते असो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे माझे विद्यार्थी झोपेतदेखील सांगत. असा मी आसाच्या बाबतीतला अधिकारी पुरुष! आणि गेल्या दिवाळीत जामसरला, आमच्या घराच्या पडवीत, एका जुन्या सायकलीच्या मागच्या चाकातला वीतभराहूनही आखूड आस काही केल्या माझ्याने निघेना.

जामसर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले नसेल. जव्हार मात्र ऐकले असेल. मुकणे घराण्याचे हे लहानसे संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले, आणि आता सहलीला येणारी मंडळी तिथला जयविलास राजवाडा आणि दाभोसाचा धबधबा पाहून, नाचणीचे पापड घेऊन परत जातात. जामसर त्याच तालुक्यातले. माझ्या लहानपणी पत्त्यावर जिल्हा ठाणे लिहावे लागे, 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर लिहावे लागते. पत्ता बदलला, पाऊस तोच राहिला. तो एकदा लागला की चार महिने घराच्या आत आणि बाहेर यांत फारसा फरक उरत नाही. कपडे वाळत नाहीत, आगपेटी पेटत नाही, आणि घरातले लोखंड मुकाट्याने तांबडे होत जाते.

आमचे वडील, अण्णा, येथे 1962 साली आले. त्या वर्षी देशभर देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि अण्णा त्यात लस टोचणारे म्हणून लागले. डॉक्टरकीशी त्यांचा तेवढाच संबंध. पण लोक त्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणत आणि अण्णाही ती पदवी फारशा आढेवेढ्यांशिवाय स्वीकारीत. त्या वेळचे त्यांचे हत्यार मला अजून आठवते. एका दांडीच्या टोकाला बारीक दात्यांची गोल चकती असे. दंडावर लस लावायची, तिच्यावर ती चकती टेकवायची आणि फिरवायची. पोरे ती चकती पाहूनच मोहाच्या झाडावर चढत. पुढे दुभंगलेल्या टोकाची सुई आली, पंधरा टोचे मारले की काम संपले, आणि अण्णांची लोकप्रियता एकाएकी वाढली. भारतात देवीचा शेवटचा रोगी 1975 च्या मे महिन्यात सापडला, आणि 1977 च्या एप्रिलमध्ये आपला देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या बातमीचे कात्रण अण्णांनी देव्हाऱ्यामागे चिकटवून ठेवले होते. देवी गेल्याची बातमी देवाच्याच पाठीशी!

या सगळ्या काळात अण्णांच्या बरोबर होती ती ही सायकल. काळी, उंच, दुहेरी घंटीची. मडगार्डवरचे कंपनीचे नाव केव्हाच पुसले गेले आहे, आणि ते आठवून सांगण्यात आता काही अर्थ नाही. कॅरिअरला थर्मास बांधलेला, दांडीला छत्री. पाड्यापाड्यांवरून ती जाई, चढावर अण्णा तिला ढकलीत, उतारावर ती अण्णांना नेई. हा व्यवहार चोवीस वर्षे चालला. अण्णा 1986 साली निवृत्त झाले, 1998 साली गेले, आणि तेव्हापासून सायकल पडवीच्या कोपऱ्यात, भाताच्या कणगीला टेकून उभी होती.

ती तिथे उभी होती याचा मला राग होता. अण्णांचे दिवस झाले त्या दिवशी मी धाकट्या भावाला म्हटले होते, ‘‘ही आता भंगारात देऊन टाक.’’ तो काही बोलला नाही. नुसते माझ्याकडे पाहिले आणि आत निघून गेला. तेव्हापासून आमच्यात भांडण असे काही झाले नाही. दिवाळीला मी जातो, तो पाटाभोवती रांगोळी काढायला लावतो, मला पहिल्या आंघोळीचा मान देतो, निघताना वरईची पिशवी बांधून देतो. पण त्याने माझ्याशी गप्पा म्हणून मारल्या नाहीत. आमच्या आईच्या भाषेत सांगायचे तर ताटात सगळे होते, मीठ वाढायचे राहिले होते.

मला सायकल डोळ्यांसमोर का नको होती, ते मी त्याला सांगितले नव्हते. वाचकहो, आपल्यालाही ते मी लगेच सांगणार नाही. आधी आस.

झाले असे की भावाची नात नववीत गेली. शाळा तशी फार लांब नाही, पण रोज चालून जावी इतकी जवळही नाही. तिच्या वर्गातल्या काही मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या होत्या, हिला मिळाली नव्हती. वाघबारशीच्या दिवशी मी घरी पोचलो तो ही पोरगी पडवीत फडके घेऊन त्या सायकलीचा एकेक आरा पुसत बसली होती. मला पाहताच म्हणाली, ‘‘मोठे आबा, पुढचं चाक फिरतं. मागचं फिरत नाही. तुम्ही विज्ञानाचे मास्तर होतात ना?’’

या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा मास्तर मी अजून पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर खोचून बसलो. सायकल उलटी केली, चेन उतरविली, बाहेरचे दोन नट रॉकेल पाजून सोडविले आणि चाक बाहेर काढले. येथपर्यंत माझा रुबाब काही निराळाच होता. नात कौतुकाने पाहत होती, भावजयीने बेसनाचे लाडू वळता वळता दारातून डोकावून घेतले, भाऊ मात्र लांब बसून दोरी वळत होता. चाकाच्या मध्यभागी असतो तो तुंबा, ज्याला दुकानात हब म्हणतात. त्याच्या आरपार गेलेला असतो तो आस. दुकानात त्याला एक्सल म्हणतात. आपल्या बैलगाडीला असतो त्याला आख म्हणतात. मुलीला मी तेवढ्यात सांगूनही टाकले की संस्कृतातला अक्ष, बैलगाडीचा आख आणि दुकानातला एक्सल ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. ज्ञान देण्याची माझी ही खोड मरेपर्यंत जाणार नाही.

मग मी हातोडा उचलला. माझा विचार साधा होता. आरपार गेलेली वस्तू एका बाजूने ठोकली की दुसऱ्या बाजूने निघते. मी ठोकली. ती हलली नाही. अधिक जोराने ठोकली. अवघ्या घराला हादरे बसले, कणगीवरची मांजर पळाली, पण आस जागच्या जागी. मी घामाघूम होऊन पाहिले तर आसाचे टोक फुलून मक्याच्या लाहीसारखे झाले होते आणि त्यावरचे आटे चेपले गेले होते. आता ज्या नटाला मी मघाशी सोडविले होते, तोही परत चढणे शक्य नव्हते.

भावाने दोरी खाली ठेवली. जवळ आला, आसाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘भंगारातच द्यायची होती ना तुला. झालं मग.’’

सव्वीस वर्षांत त्याने बोललेले ते पहिले आंबट वाक्य. मला वाईट वाटण्याऐवजी, खोटे कशाला सांगू, किंचित बरेच वाटले.

नाक्यावर एक तरुण मोटारसायकली दुरुस्त करतो. ताडपत्रीखाली त्याचे दुकान. त्याचा बाप पूर्वी सायकली करीत असे, म्हणून पोराला सायकलीची विद्या बसल्या जागी मिळालेली. मी आणि नात चाक घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चाक हातात घेतले, फुललेले टोक पाहिले आणि विचारले, ‘‘कोणी मारलं?’’

मी नातीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. ‘‘मी,’’ मी म्हणालो.

‘‘गुरुजी, दाराला आतून कडी आणि तुम्ही बाहेरून ढकलताय,’’ तो म्हणाला. ‘‘घर पडेल, दार नाय उघडणार.’’

मग त्याने मला सायकलीचा हब समजावून सांगितला, आणि एकतीस वर्षे शिकविणारा मी खोक्यावर बसून ऐकत राहिलो. आस हा तुंब्यात नुसता घुसविलेला नसतो. तुंब्याच्या दोन्ही तोंडांशी आत पोलादी कटोऱ्या असतात. कटोरीत गोळ्या. मागच्या चाकाला पाव इंची, एकेका बाजूला नऊ. त्या गोळ्यांना आतून दाबून धरायला दोन कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे नट, आसावरच्या आट्यांवर दोन्हीकडून आवळलेले असतात, आणि ते कोन सैल पडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक चेकनट. आस एका बाजूने ठोकला की त्या बाजूचा कोन आपल्या गोळ्यांवर जाऊन बसतो. जितका ठोकाल तितका घट्ट. म्हणजे माझा प्रत्येक घाव आसाला बाहेर काढण्याऐवजी आतच पक्का करीत होता. एक कोन निघाल्याशिवाय आस निघणे नाही, आणि येथे दोन्ही कोन गंजून आट्यांशी एकजीव झाले होते. गंजाची ही एक गंमत आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. आट्यांच्या फटीत त्याला जागा कुठली? मग तो दोन्हीकडच्या भिंतींना पाठ लावून बसतो. सायकलीच्या आसाला इंचात सव्वीस आटे असतात. इंग्लंडात ठरलेले हे माप आपल्याकडच्या साध्या सायकलींत अजूनही चालते. इतक्या बारीक आट्यांत गंज शिरला की त्याला बाहेर बोलाविणे म्हणजे भाडेकरूला बाहेर बोलाविण्यासारखे आहे.

मी म्हटले, ‘‘मग उजवीकडचा कोन आधी सोडवू या. चेनच्या बाजूचा.’’ पोराने मान हलविली. त्याने आस दोन बोटांत धरून वळविण्याचा प्रयत्न केला, डोळा लावून पाहिले. ‘‘उजवीकडे हा वाकलाय. कोनाच्या अगदी बाहेर. कोन सुटला तरी वाकल्या जागेवरून उतरणार नाय. डाव्या बाजूनं सोडायचा. मग आस उजवीकडनं, त्याच्या कोनासकट, फ्रीव्हीलमधून सरळ येईल.’’

वाकलाय, हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात काहीतरी गोळा झाले. पण मी बोललो नाही.

त्याने प्रथम माझे पाप निस्तरले. फुललेले टोक कानशीने घासले, तीन धारी बारीक कानस घेऊन चेपलेले आटे एकेक करून मोकळे केले. या कामाला त्याला तासभर लागला. माझे घाव पाच-सहाच होते. मग त्याने रॉकेलात थोडे तेल मिसळले, चाक आडवे ठेवले, कोनाच्या कडेने ते मिश्रण थेंब थेंब सोडले आणि म्हणाला, ‘‘उद्या या.’’

‘‘आज काहीच करायचे नाही?’’

‘‘आज ते तेल करील ना काम. आपण कशाला मधे?’’

त्या रात्री मला झोप आली नाही. दूर कुठल्या तरी पाड्यावर तारपा वाजत होता. भात घरात आल्यावर या दिवसांत तो वाजतोच. आणि मला 1971 सालचा जून आठवत होता. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. अण्णा दुपारी झोपले की सायकल माझी. एके दिवशी मित्राला कॅरिअरवर आणि तांदळाचे पोते दांडीवर घेऊन मी उतारावरून सुसाट आलो, मोरीच्या कडेला चाक आपटले, आणि खालून ‘कट्’ असा आवाज आला. सायकल चालत होती. पण प्रत्येक वळशाला मागून कुरकुर ऐकू येऊ लागली. संध्याकाळी मी ती गुपचूप भिंतीला लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांना निरोप आला. एका पाड्यावर एका पोराच्या अंगावर फोड उठले होते. देवी म्हटले की त्या काळी सगळी कामे बाजूला राहत. अण्णा थर्मास बांधून निघाले. मृगाचा पाऊस कोसळत होता. त्या रात्री ते दहानंतर परतले, आणि सायकलीवर बसून नव्हे, तर सायकल खांद्यावर घेऊन. मागचे चाक वाटेतच जाम झाले होते. वीस किलोच्या वरची ती लोखंडी गाडी त्यांनी चिखलातून उचलून आणली होती, कारण ती सरकारी कामाची गाडी, रानात टाकून कशी यायची! ते फोड कांजिण्यांचे निघाले. अण्णांना मात्र थंडी भरून आली. पंधरा दिवस ते अंथरुणात होते, आणि त्यांतले चार दिवस आमची आई देवापुढून उठली नव्हती. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवीत होतो आणि सांगू की नको सांगू असे घोकीत होतो. दशरथाच्या रथाचा आख मोडला तेव्हा कैकेयीने आपला हात घालून रथ सावरला, अशी कथा आपण लहानपणी ऐकतो. मी आख मोडून वर हात धुऊन मोकळा झालो होतो. अण्णा बरे झाले, जव्हारला जाऊन चाक दुरुस्त करून आले. ‘काय झाले होते’ असे त्यांनी कोणाला विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. सायकल भंगारात जावी असे मला का वाटे, ते आता आपल्या ध्यानात आलेच असेल.

नरक चतुर्दशीच्या आंघोळी उरकल्या, फराळ झाला, आणि आम्ही नाक्यावर निघालो. या वेळी भाऊही उठला. ‘‘मी येतो,’’ एवढेच म्हणाला.

मेकॅनिकने आसाच्या उजव्या टोकावर दोन नट चढविले आणि ते दोन पान्यांनी एकमेकांवर आवळून घट्ट केले. ही युक्ती मला फार आवडली. एकटा नट आट्यांवरून फिरतो. दोन नट परस्परांवर दाबून बसले की दोघेही हलत नाहीत, आणि त्यांना पाना लावला की आसच धरून ठेवता येतो. तो पाना त्याने माझ्या हातात दिला. डावीकडच्या कोनावर चपटा पाना लावून तो भावाच्या हातात दिला. ‘‘गुरुजींनी धरायचं. काकांनी सोडवायचं. झटका नाय द्यायचा. नुसता भार.’’

आम्ही समोरासमोर बसलो. मधे चाक, चाकाच्या पलीकडे भाऊ. त्याने भार दिला, मी धरून ठेवले. काही नाही. मेकॅनिकने कोनाभोवती लहान हातोडीने टकटक करीत एक फेरी मारली. पुन्हा भार. काही नाही. मग त्याने गॅसची बत्ती पेटविली आणि कोन तापविला. ‘‘हा कोन आता मऊ होईल, कामातनं गेला. नवा घालू. कोन गेला तर चालेल, हब राहिला पाहिजे.’’ तापलेला कोन किंचित फुगतो, आस मागाहून तापतो, आणि त्या मधल्या क्षणात गंजाची मिठी सैल होते. ‘‘आता!’’ तो म्हणाला. भावाच्या मानेच्या शिरा ताणल्या. कर्रर्र असा एक आवाज झाला, आणि पाना अर्धा वळसा फिरला.

नातीने टाळी वाजविली. मी आणि भाऊ एकमेकांकडे पाहून हसलो. हे आपोआप झाले, त्यात काही विचार नव्हता.

कोन उतरला. पोराने हबखाली डब्याचे झाकण धरले, उजवीकडून आस ओढला, आणि तो, आपल्या वाकड्या टोकासह, फ्रीव्हीलमधून निमूटपणे बाहेर आला. चॉकलेटी चिखलासारख्या जुन्या ग्रीसमधून गोळ्या टपटप झाकणात पडल्या. नात रॉकेलात त्या धुऊन मोजू लागली.

‘‘अठरा,’’ ती म्हणाली.

‘‘सतरा असतील. नीट मोज,’’ भाऊ म्हणाला.

तिने पुन्हा मोजल्या. ‘‘अठराच आहेत आजोबा. नऊ आणि नऊ.’’

भाऊ पुढे वाकला आणि स्वतः मोजू लागला. त्याचे बोट थरथरत होते. मी विचारले, ‘‘सतरा का रे?’’

त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग गोळ्यांकडेच पाहत म्हणाला, ‘‘त्या जूनमध्ये मी हे चाक उघडलं होतं दादा. आत काय असतं ते बघायला. अण्णा ठाण्याला मीटिंगला गेले होते तेव्हा. एक गोळी पडवीतनं घरंगळत गेली ती सापडली नाही. तशीच बसवली मी सगळं. पुढच्या आठवड्यात अण्णा सायकल खांद्यावर घेऊन आले.’’

बारा वर्षांचा होता तो तेव्हा. पन्नासाहून अधिक वर्षे तो ती एक गोळी गिळून बसला होता. म्हणून सायकल भंगारात देववली नव्हती. आणि मला ती दिसू नये असे वाटत होते, तेही त्याच एका रात्रीपायी!

‘‘वेडा आहेस,’’ मी म्हणालो. ‘‘ते तुझ्यामुळे नव्हे. माझ्यामुळे. आस मी वाकवला होता. हा बघ, हा वाकलेला!’’ आणि मी त्याला मोरीची, पोत्याची, कट् आवाजाची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकेना. म्हणाला, गोळी कमी असली की चाक जाम होणारच. मी म्हणालो, आस वाकला की जाम होणारच. तो म्हणाला, चेकनटही आपण सैल ठेवला असेल. मी म्हणालो, पोते पन्नास किलोचे होते. दोन म्हातारे भर नाक्यावर, दिवाळीच्या दिवशी, एका जुन्या अपराधाची मालकी आपलीच म्हणून हातघाईवर आले होते.

शेवटी मेकॅनिकलाच न्यायाधीश व्हावे लागले. त्याने आस काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने घरंगळविला. आस लंगडत गेला. ‘‘या सायकलीवर अण्णा नंतर किती वर्षं फिरले?’’

‘‘पंधरा,’’ भाऊ म्हणाला.

‘‘मग हा तो आस नव्हेच. असा वाकलेला आस इतका चालत नाय, वर्षा-दोन वर्षांत तुटतो. हा दुसरा असेल, नाय तर तिसरा. गोळ्याही तेव्हाच पुऱ्या केल्या असतील.’’

‘‘पण मग हा कोणी वाकवला?’’ मी विचारले.

तो हसला. त्याने उजवीकडची कटोरी दाखविली, आणि तिथून फ्रेमची जागा कुठे येते ते बोटाने दाखविले. फ्रीव्हीलला जागा हवी म्हणून चेनच्या बाजूची कटोरी आत सरकलेली असते. तिच्यापासून फ्रेमपर्यंत आसाचा तुकडा नुसता अधांतरी. माणसाचे वजन, कॅरिअरचे ओझे, चेनची ओढ, सगळे त्या अधांतरी तुकड्यावर. ‘‘सगळ्यांचा इथंच वाकतो. कोणी काय करायला नको. खड्डे पुरे.’’ मी नंतर शोध घेतला तेव्हा कळले की हा दोष जगभर ठाऊक होता. शिमानो या जपानी कंपनीने 1978 साली उजवीकडच्या गोळ्या फ्रेमजवळ बाहेर नेऊन तो घालविण्याची रचना बाजारात आणली. महागड्या सायकलींत ती आली, आमच्या काळ्या सायकलींपर्यंत पोचली नाही.

‘‘त्या दिवशी मग चाक कशाने अडलं?’’ भावाने शेवटचा प्रयत्न केला.

‘‘आता कोण सांगणार काका? पाणी गेलं असेल. कोन फिरून आवळला असेल. तुम्हा दोघांना अर्धा अर्धा वाटून देऊ का?’’

जव्हारच्या बाजारात नवा आस, कोन आणि नट मिळाले. किंमत ऐकून मला लाज वाटली. त्याहून जास्त पैशांचे आम्ही दोघांनी येताना चहा आणि भजी खाल्ली होती. भजी खाताना भाऊ बोलत होता. अण्णा रात्री कंदील घेऊन पडवीत काहीतरी शोधीत होते, असे त्याला आठवत होते. सकाळी त्यांनी त्याला हाक मारली, जवळ बसविले आणि नुसते विचारले, ‘‘सायकल शिकायचीय का तुला?’’ गोळी त्यांना सापडली असेल का, की ती नसल्याचेच कळले असेल, यावर आम्ही जीप सुटेपर्यंत वाद घालीत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चाक बसले. कोन किती आवळायचा याचाही एक अंदाज असतो. चाक उचलून धरले की व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून खाली यावे, पण हाताने हलविले तर खडखडू नये. त्या पोराने तीनदा आवळून तीनदा सैल केले तेव्हा ते साधले. नातीने सायकल अंगणात घेतली. सीट तिला उंच होत होते, म्हणून ती दांडीच्या खालून पाय घालून कात्री मारीत निघाली, अगदी आम्ही शिकलो तशी. भाऊ कॅरिअर धरून मागून धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण रस्त्यापर्यंत त्याने सोडले नाही.

परत आला तेव्हा धापा टाकीत होता. ओट्यावर पडलेला जुना आस त्याने उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘दादा, हा भंगारात द्यायचा ना?’’

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या पिशवीत, वरईच्या पुडीखाली घातला.

इतक्यात नात वळून परत आली. ‘‘आजोबा, घंटी वाजत नाही. आत काहीतरी अडकलंय.’’

‘‘थांब, हातोडा नको आणूस,’’ भाऊ माझ्याकडे पाहत म्हणाला, आणि पाना शोधायला आत गेला.